हौशाच्या पायावर पाणी

गोठा रिकामा झाला की घराचा आवाज बदलतो. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं, पण आमच्या घरी तसं झालं खरं. आधी उजाडायच्या सुमाराला घुंगरं वाजायची, मग शिंगं गव्हाणीला घासल्याचा आवाज, मग आबांचं बैलांशी चाललेलं बोलणं, आणि ते सगळं आटोपल्यावर आमची माणसांची सकाळ सुरू व्हायची. ट्रॅक्टर आला आणि हे सगळं एका झटक्यात बंद पडलं. आता सकाळ रेडिओवरच्या बातम्यांनी व्हायला लागली. माझे वडील, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. बातम्या लागल्या की ते पाठ ताठ करून बसायचे, जणू रेडिओतला माणूस त्यांना बघतोय. चुलीपाशी आई भाकरी थापायची, तो थापांचा आवाज तेवढा जुना राहिला होता.

आमचं गाव कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या पलीकडं, कोयनेच्या काठाला. चहूबाजूंनी ऊस. घरात आबा, आई, मी आणि आत्ती. थोरला दादा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर कामाला, तो सुट्टीपुरता यायचा. आत्ती म्हणजे आबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला म्हणून ती माहेरी परत आली, पण आली ती घराची मालकीण होऊनच. आबा सगळ्या गावाला ऑर्डरी सोडायचे आणि आत्तीनं नुसतं डोळे वटारून बघितलं की गप्प व्हायचे. बैलांचं सगळं आत्तीकडं होतं. हौशा आणि पाखऱ्या अशी आमची खिलार जोडी, आबांनी आटपाडीच्या बाजारातून हौसेनं आणलेली. पाखऱ्या बिचारा साधा. हौशा मात्र नावासारखा होता. उजवं शिंग आत वळलेलं, डाव्या कानाचा तुकडा उडालेला, आणि चाल अशी की मागं बँड लागलाय. आत्ती गरम भाकरीचा पहिला तुकडा त्याला द्यायची आणि मग आमच्या ताटात वाढायची. यावरून मी लहानपणी कितीतरी वेळा रुसले असेन.

ट्रॅक्टर घ्यायचं ठरल्यावर आबा जोडी परत आटपाडीच्याच एका शेतकऱ्याकडं सोडून आले. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवली नाही, स्वतः गेले. येताना दोन्ही बैलांच्या घुंगरमाळा पिशवीत घालून आणल्या, गोठ्यातल्या खुंटीला अडकवल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून हौशाचं नाव गेलं. आम्हीही घेईनासे झालो. आत्ती एकदा जेवताना विसरून बोलून गेली तर आबा अर्ध्या ताटावरून उठले. त्यानंतर आमच्या घरी त्या बैलाचं नाव कुणी काढलं नाही.

सगळ्यात वाईट वाटायचं ते बेंदराला. आमच्याकडं बेंदूर म्हणजे आषाढातला बैलांचा सण, दिवाळीपेक्षा थोडका कमी. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळायची. सणादिवशी त्यांना जू लावायचं नाही, धुऊन पुसून, शिंगं रंगवून, झूल घालून सजवायचं. मग घरातल्या बायका तांब्यानं बैलाच्या पायावर पाणी घालणार, हळदकुंकू लावणार, ओवाळणार आणि पुरणपोळीचा निवद त्याच्या तोंडाला लावणार. तोवर माणसांनी पोळीला शिवायचंसुद्धा नाही. पोळी, गुळवणी, कटाची आमटी, कुरडई, भजी, या सगळ्याचा वास घरभर आणि आम्ही पोरं उपाशी बैलाच्या तोंडाकडं बघत उभी. जोडी गेल्यावर आत्ती कुंभाराकडून मूठभर मातीचे बैल आणून पाटावर मांडायची आणि चार शिंतोडे उडवून पूजा उरकायची. त्या दिवशी आबांना हमखास कऱ्हाडला काम निघायचं.

मी बारावीला होते आणि माझ्या डोक्यात एकच खूळ होतं. सांगलीला चित्रकलेचं कॉलेज होतं, मला तिथं जायचं होतं. वही म्हणू नका, भिंत म्हणू नका, परातीतलं पीठ म्हणू नका, मी सगळीकडं काहीतरी काढत सुटायची. आबांच्या मनात मी डी.एड. करून गावातल्याच शाळेत मास्तरीण व्हावं असं होतं. मी सांगलीचं नाव काढलं की ते म्हणायचे, "चित्रं काढायला सांगलीला? हितल्या भिंती संपल्या व्हय?" आता मला कळतं की त्यांना माझ्या चित्रांचा राग नव्हता. ज्याचा शेवट दिसत नाही अशा वाटेला पोरगी लावायची त्यांना भीती होती. पण तेव्हा हे कळण्याएवढी अक्कल मला नव्हती आणि मी दोन-दोन दिवस तोंड फुगवून बसायची.

अशात मुजावर सर आमच्या कॉलेजात आले. साताऱ्याच्या एका छोट्या संग्रहालयाची जबाबदारी त्यांच्याकडं होती. तलवारी, तोफा, नाणी, जुनी भांडी, शिलालेख, असा तो सगळा संसार. बारीक अंगाचे, सदऱ्याच्या खिशाला चार-पाच पेनं लावलेले सर व्यासपीठावर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या संग्रहालयात दिवसभरात जी चार माणसं येतात ती पंख्याखाली बसायला येतात. मला त्याचा कंटाळा आलाय." सगळा हॉल हसला. मग त्यांनी सांगितलं की यंदा ते सातारा-सांगलीकडच्या तरुण पोरापोरींचं प्रदर्शन भरवणार आहेत, आणि तेही संग्रहालयाच्या आतच. प्रत्येकानं तिथली एक जुनी वस्तू निवडायची, ती मनसोक्त बघायची आणि तिच्या शेजारी ठेवायला स्वतःचं काहीतरी करायचं. चित्र, मूर्ती, रांगोळी, काहीही. तोफेच्या शेजारी आपली वस्तू लोक तिकीट काढून बघणार, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तास संपायच्या आत मी नाव देऊन मोकळी झाले होते.

पहिल्यांदा वस्तू निवडायला गेलो तेव्हा सगळ्यांची झुंबड तलवारींपाशी. मी हिंडत हिंडत मागच्या दालनात गेले. तिथं भिंतीला टेकवून एक वीरगळ उभी होती. गावासाठी लढून मेलेल्या वीराची आठवण म्हणून कोरलेला हा दगड. वरच्या चौकटीत तो वीर स्वर्गात पूजेला बसलेला, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, खालच्यात लढाई. सर मागून येऊन म्हणाले, "हा गडी गुरं सोडवायला गेला होता. शत्रू गावाची गुरं पळवून नेत होते." तेव्हा मी खाली वाकून बघितलं. अगदी तळाला, फरशीला चिकटून, गुरं कोरलेली होती. झिजून झिजून त्यांची तोंडंसुद्धा राहिली नव्हती. वीराच्या मिशा अजून दिसत होत्या आणि ज्यांच्यासाठी तो मेला त्यांना तोंड नव्हतं. मला एकदम आमच्या गोठ्यातली ती खुंटी आठवली. सरांना म्हटलं, "मी यातला एक बैल करणार. तोंडासकट." सरांनी खिशातलं एक पेन काढून माझ्या नावापुढं 'बैल' असं लिहिलं.

घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं, फक्त कोणता बैल करणार ते सांगितलं नाही. त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "सरकारी नसंना, पर म्युझियम हाय. लोकं तिकीट काढून बघत्यात. ठीक हाय. म्या येऊन बघीन. बघून पटलं तर सांगली. न्हाई पटलं तर डी.एड., आन् मग तोंड फुगवायचं न्हाई. ऑर्डर म्हंजे ऑर्डर." मी म्हटलं, "मंजूर." आई आतून म्हणाली, "काय बाई बापलेकीचा सौदा." पण मला रात्री आनंदानं झोप येईना आणि भीतीनंही येईना.

गोठाच माझा कारखाना झाला. आबांनी डिझेलचे डबे तिथनं हलवले, एवढीच त्यांची मदत. बैल चांगला शेळीएवढा करायचा होता. मी बांबूच्या कामट्या सुतळीनं बांधून सांगाडा केला, त्यावर गव्हाचं काड गुंडाळलं. नदीकाठची पोयट्याची माती चाळून, भुसा आणि शेण घालून पायानं तुडवली. आत्ती येता-जाता दारातनं बघायची आणि टोमणा मारून जायची. "लगीन हुईल आता, आन् पोरगी मातीत खेळती." दोन दिवसांनी टोमणा बदलला, "वशिंड खाली आलंय बघ तुझं." मग एके दुपारी ती पदर खोचून आत आली आणि माती तुडवायला लागली. तिला अजून बैलाचं तोंड दिसलेलं नव्हतं, ते मी ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायची. आज माझ्या वर्गातली पोरं मोबाईलवर बघून बघून मूर्ती करतात, आणि करतातही झकास. पण काखेपर्यंत माती लागलेली असताना शेजारी आत्ती बैलाच्या गोष्टी सांगतेय, हे सुख त्या मोबाईलमध्ये कुठून येणार?

माती भाजायची राहिली. कुंभारमामा म्हणाले, "एवढा थोरला बैल, आन् पोटात काड. भट्टीत घातला तर फुटंल. आन् आकाडात भट्टी कोण लावतं?" तेव्हा बैल कच्चाच न्यायचा ठरला. हवा दमट, ढग उठायचं नाव घेईनात, त्यामुळं माती वरून सुकल्यासारखी वाटायची आणि आत ओलीच. सरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "असू दे. आपण दोरी लावू, पाटी लावू. हात कोण लावतंय?" शेवटच्या आठवड्यात मी पोतं काढून तोंड पुरं केलं. उजवं शिंग आत वळवलं. डाव्या कानाचा तुकडा नखानं उडवला. आणि खांद्यावर, जिथं जू बसून बसून गाठ आलेली असते, तिथं मातीचा एक गोळा लावून अंगठ्यानं दाबला. ते झाल्यावर मी मागं सरकून बघितलं आणि मला रडूच आलं. गोठा भरला होता.

दादा कुपवाडच्या एका मित्राचा टेम्पो घेऊन आला. आम्ही बैलाला चादरीत गुंडाळून, चहूबाजूंनी उसाचं पाचट भरून, पोटुशी बाई न्यावी तसा साताऱ्याला नेला. दादानं सगळी वाट गाडी अशी हळू हाकली की सायकलवाले पुढं गेले. तिथं पोचल्यावर बघते तर संग्रहालय ओळखू येईना. जिथं एरवी पंख्याचा आवाज तेवढा असायचा तिथं नुसता कालवा. एक पोरगा लेथवर निघालेल्या लोखंडाच्या कुरळ्या किसातनं चिलखत करून तलवारींपाशी लटकवत होता. आटपाडीच्या दोघी बहिणी मेंढ्याच्या लोकरीचा किल्ला घेऊन आल्या होत्या, आणि तोफेपाशी जागा कुणाची यावरून त्यांचं दुसऱ्या एकाशी कडाक्याचं भांडण चाललं होतं. कुणी शिडी मागतंय, कुणी फेविकॉल, कुणाचं चित्र उलटं टांगलंय. मुजावर सर सगळीकडं पळत होते आणि त्यांच्या खिशात एकही पेन उरलं नव्हतं. मला वाटलं, इथून घरी जाऊच नये.

हौशाला वीरगळीपुढं बुटक्या चौथऱ्यावर उभा केला. भोवती दोरी, दोरीला पाटी, 'वस्तूंना हात लावू नये'. प्रत्येकाच्या वस्तूपाशी सरांनी एक कार्ड ठेवलं होतं, त्यावर नाव, गाव आणि काय शिकतोय ते. माझ्या कार्डावर तिसरी ओळ कोरी राहिली. सर म्हणाले, "रिकामी ओळ वाईट दिसते गं." मी म्हटलं, "आबा येऊन गेल्यावर लिहू." सरांना सौदा माहीत होता. त्यांनी मान हलवली आणि कार्ड तसंच ठेवलं.

गंमत अशी झाली होती की सरांनी उद्‌घाटनाला जो दिवस धरला तो नेमका बेंदूर. सर शहरातले, त्यांच्या घरी बैल नाही आणि हा सणही नाही, त्यांच्या ध्यानात कुठून येणार? मी आदल्या दिवसापासून साताऱ्यातच मैत्रिणीकडं राहिले होते, तेव्हा गावाकडं काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. गावाकडं आत्तीनं पहाटे उठून पुरण शिजवलं. कुंभाराचे बैल आणलेच नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाली, "नंदीनं बैल केलाय न्हवं साताऱ्याला? मग निवद तिकडंच." मी नंदा, पण आत्तीला मी कायम नंदीच. तिच्यासोबत आई आणि गल्लीतल्या तिघी-चौघी निघाल्या, पुढं आबा. हातात डबे आणि पिशव्या. आत्तीनं फडक्यात गुंडाळलेला तांब्या सगळ्या वाटेत मांडीवर धरला होता, असं आईनं मला मागनं सांगितलं. आबांना वाटलं प्यायचं पाणी आहे.

पाहुण्या बाई पुण्याहून यायच्या होत्या आणि त्यांना उशीर झाला होता. सर दारात त्यांची वाट बघत उभे. मी दुसऱ्या दालनात लोकरीच्या किल्ल्याचा ढासळलेला बुरूज धरून उभी होते, कारण आटपाडीच्या बहिणींना सुई सापडत नव्हती. तेवढ्यात मागच्या दालनातनं आत्तीचा आवाज आला, "अगं बया. ह्यो तर हौशा." मला एकदम हुशारी आली. ओळखला, म्हटलं. आत्तीनं बघता क्षणी ओळखला. मी बुरूज त्या पोरींच्या हातात दिला, धावत निघाले, आणि दारातच माझे पाय थांबले.

आत्ती दोरीखालून वाकून आत गेली होती. तिनं बैलाच्या कपाळाला मळवट भरला होता, गालांवरून हात फिरवला होता, आणि आता ती फडकं सोडून तांब्यानं त्याच्या पुढच्या पायांवर पाणी घालत होती. शिंतोडे नव्हेत, चांगली धार, पुढचे दोन्ही पाय धुऊन निघतील अशी. पाटावरच्या मूठभर बैलाला तिनं असं कधी केलं नसतं. पण हा तिच्या लेखी मातीचा नव्हताच. तिनं घातलं म्हणून शेजारच्या काकूंनी घातलं, त्यांनी घातलं म्हणून तिसरीनं. सणादिवशी बैलापुढं आलेली बाई पाणी न घालता कशी मागं फिरेल? मी "आत्ती, थांब" म्हणेपर्यंत पुढच्या पायांची माती ओघळून चौथऱ्यावरून खाली यायला लागली होती. आतलं काड भिजलं, कामट्या करकरल्या, आणि बघता बघता हौशा पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर खाली आला. मागचा भाग तसाच उभा. मान मात्र मोडली नाही.

मग सर आले, त्यांनी डोक्याला हात लावला आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "अहो मावशी, हे म्युझियम आहे." आत्ती म्हणाली, "व्हय सर. पर बैल ह्यो बैलच हाय की." मी मात्र तोंड सोडलं. इतक्या दिवसांची मेहनत, पाहुण्या येणार, आबा येणार, सांगली गेली, सगळं पाण्यात गेलं, तुला कुणी सांगितलं होतं आत यायला, असं मी भर दालनात आत्तीवर ओरडले. तिचा चेहरा एवढासा झाला. रिकामा तांब्या पोटाशी धरून ती नुसती उभी राहिली. आणि गर्दीच्या मागं, तिकिटं काढून आलेल्या आबांची टोपी मला दिसली.

आबा दोरीपाशी आले. पाटी वाचली. मग सरांकडं वळून म्हणाले, "आत जाऊ का?" सगळं मोडून पडलं होतं आणि माझा बाप परवानगी मागत होता. सरांनी नुसता हात केला. आबा वाकून आत गेले आणि हौशापुढं उकिडवे बसले. त्यांनी आधी आत वळलेलं शिंग बघितलं. मग कान. मग त्यांचा हात खांद्यावर गेला, अंगठा त्या गाठीवर आला आणि तिथंच राहिला. रोज संध्याकाळी जू काढल्यावर ते नेमकं तिथंच चोळायचे. मला वाटलं, आता उठतील आणि अर्ध्या ताटावरून उठले तसे निघून जातील.

सर घाईघाईनं म्हणाले, "सुभेदारसाहेब, पाहुणे यायच्या आत आपण हे आत घेऊ. पडदा टाकतो."

"न्हाई," आबा म्हणाले. "राहू द्या."

"पण तो पडलाय."

"पडला न्हाई, सर. बसतोय. बैल बसताना आधी म्होरलं गुडघं टेकतो, मग मागनं बसतो. हौशा असाच बसायचा." त्यांनी टोपी कपाळावर ओढली. "आज बेंदूर हाय. आज त्याला कुणी उठवायचं न्हाई."

कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. आत्तीसुद्धा पदर तोंडाला लावून रडायला लागली. आबा तिला म्हणाले, "आक्का, रडतीस काय? निवद दाव त्याला." तेव्हा आत्तीनं डबा उघडला, केळीच्या पानावर पुरणपोळी ठेवली, आणि बैल गुडघ्यावर आल्यामुळं त्याचं तोंड नेमकं पानाला टेकलं. गुळवणीचा वास त्या दगडाधोंड्यांच्या दालनात पसरला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि एकदम असा कालवा झाला की तोफेकडची पोरंसुद्धा पळत आली. साताऱ्यातल्या चार बायका, कुणाच्या कोण, हळदकुंकू लावायला रांगेत उभ्या राहिल्या. सर दोरीपाशी उभे राहून ओरडत होते, "कुंकू लावा, कुंकू चालेल, पाणी नको. कृपा करून पाणी नको."

आबा दोरीबाहेर आले ते कार्डापाशी थांबले. टोपी सारखी केली. "ही वळ रिकामी का सोडली?" त्यांनी विचारलं. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत उभी.

"लिवा, सर," आबा म्हणाले. "सांगलीला चित्रकलेच्या कॉलेजात शिकती."

"अहो पण अजून प्रवेश कुठं झालाय?"

"हुईल. तुमी लिवा."

सरांनी खिसा चाचपला, पेन नव्हतं. मी अख्ख्या संग्रहालयात पेन शोधत पळाले. चिलखतवाल्या पोराच्या हातातलं स्केचपेन हिसकावून आणलं आणि आबांच्या डोळ्यांदेखत सरांनी ती ओळ भरली. हिरव्या रंगात. पाहुण्या बाई आल्या, त्यांनी बैल बघितला, काहीबाही चांगलं बोलल्या, मला त्यातलं आज एक अक्षर आठवत नाही. आठवतं ते एवढंच की नंतर मी दालनाबाहेर गेले तर आत्ती तोफेच्या चौथऱ्यावर एकटी बसली होती. मी तिच्या मांडीवर डोकं टाकलं. ती म्हणाली, "लांबनं आलं हुतं बिचारं. पायावर पाणी न्हाई का घालायचं?" मग तिनं डब्यातली उरलेली पोळी माझ्या तोंडात कोंबली. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

प्रदर्शन उठल्यावर सरांना बैल ठेवून घ्यायचा होता. आत्ती ऐकेना. पूजा झालेली माती, ती नदीला गेली पाहिजे. शेवटी दादाच्याच टेम्पोतून हौशा परत आला आणि आबांनी त्याला आमच्या वावराखालच्या डोहात सोडला. हौशाची घुंगरमाळ मात्र खुंटीवरून काढून त्यांनी माझ्या सांगलीच्या ट्रंकेत घातली. होस्टेलवर ट्रंक हलवली की ती वाजायची आणि खोलीतल्या पोरी विचारायच्या, कुठलं जनावर आणलंयस गं बरोबर?

आता मी सांगलीलाच चित्रकला शिकवते. केस पिकले, आत्ती गेली, मुजावर सर निवृत्त झाले, पण प्रदर्शन अजून भरतं आणि मी दरवर्षी माझी पोरं घेऊन जाते. त्या मागच्या दालनात वीरगळीपाशी पाटी अजून आहे. 'वस्तूंना हात लावू नये', आणि त्याखाली सरांच्या हातची बारीक अक्षरं, 'पाणी घालू नये'. नवी माणसं ती वाचून हसतात. म्युझियममध्ये पाणी कोण घालणार, म्हणतात.

मागल्या वर्षी आबांना घेऊन गेले. आता त्यांना चालताना माझा दंड धरावा लागतो. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं फायबरचा बैल केला होता, देखणा, चकचकीत, पोटापर्यंत झूल रंगवलेली. आबांनी तो सगळ्या बाजूंनी बघितला. मग पाटीपाशी जाऊन वरची ओळ वाचली, खालची वाचली. "पाणी दे गं जरा," म्हणाले. मी बाटली दिली. दोन घोट प्याले. आणि ज्या माणसानं आयुष्यात एक ऑर्डर मोडली नाही, त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पहारेकऱ्याची पाठ बघून ओंजळभर पाणी घेतलं आणि त्या बैलाच्या पुढच्या पायांवर सोडलं. पाणी गुडघ्यांवरून ओघळून फरशीवर आलं. आम्ही दोघं बैलाच्या गुडघ्यांकडं बघत राहिलो.

"ह्यो न्हाई बसत," आबा म्हणाले, आणि बाटलीचं टोपण लावून ती माझ्याकडं दिली.